धारूर : किल्ला व परिसर

महाराष्ट्र राज्याच्या बीड जिल्ह्यातील एक ऐतिहासिक गाव, किल्ला व तालुक्याचे ठिकाण. बालाघाट डोंगररांगेच्या उत्तर कडेवर, बीड शहराच्या आग्नेयीस ते वसले आहे. धारूर नावाची गावे शेजारच्या तेलंगणातही असल्यामुळे व्यवहारात त्याचा उल्लेख ‘किल्ले धारूर’ असाच होतो. मोगल कागदपत्रांत त्याला ‘फतेहाबाद’ म्हटले आहे. मराठवाड्याच्या दुष्काळी पट्ट्यातील हा भाग पर्यटकांच्या नेहमीच्या वाटेवरचा नाही. वेरूळ-अजिंठ्यास येणारा प्रवासी क्वचितच येथवर पोहोचतो. तथापि किल्ला, घाट, उत्तर चालुक्य व यादवकालीन मंदिरे, संतांच्या समाध्या, पावसाळी धबधबे आणि सीताफळाची रानटी बने यांमुळे हौशी प्रवासी व दुर्गप्रेमी यांचे पाय अलीकडे इकडे वळू लागले आहेत. येथे पाहण्यासारख्या बहुतेक स्थळांची उभारणी पाण्याच्या शोधातून वा साठवणीतून झालेली असून किल्लाही त्यास अपवाद नाही.

हा प्रदेश वाळवंट नव्हे. वर्षाकाठी २५ सेंमी.हून कमी पाऊस पडणाऱ्या प्रदेशास सामान्यतः वाळवंट म्हणतात; बीड जिल्ह्याची सरासरी ६५ ते ७० सेंमी.च्या आसपास आहे. परंतु सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत असल्यामुळे पावसाचा भरवसा नसतो आणि पडलेले पाणी टिकत नाही. पठाराचा खडक बेसाल्टचा, वरचा मातीचा थर पातळ आणि खाली मुरूम. उत्तरेकडील तुटलेल्या कड्यावरून उतरणारे ओढे सिंदफणेकडे जातात, दक्षिण उताराचे पाणी मांजरेस मिळते. दोन्ही नद्या अखेर गोदावरीच्याच. म्हणजे धारूरच्या माथ्यावरून पाणी दोन्ही बाजूंना वाहून जाते आणि गावाच्या वाट्याला जे अडविता येईल तेवढेच उरते. मार्चपासून जूनपर्यंत पारा वारंवार ४० अंश से.च्या वर जातो व डोंगर पिवळे-तांबडे दिसू लागतात. पहिल्या पावसानंतर पंधरा दिवसांतच हेच डोंगर हिरवे होतात.

‘बालाघाट’ हे नावच मुळी घाटमाथ्याचे आहे. फार्सी ‘बाला’ म्हणजे वरचा. घाटावरील मुलूख तो बालाघाट आणि घाटाखालचा तो पायीनघाट, अशी जुन्या दप्तरांतील विभागणी होती. घाटाखालील गोदाकाठच्या काळ्या सुपीक पट्ट्यास लोक आजही गंगाथडी म्हणतात. गंगाथडीचे धान्य व कापूस वर नेणारी आणि वरची जनावरे खाली उतरविणारी एक वाट धारूरच्या घाटातून जात असे. सध्याचा माजलगाव-तेलगाव-धारूर-केज हा राष्ट्रीय महामार्ग याच घाटाने चढतो. वळणे तीव्र असल्यामुळे उसाने भरलेल्या वाहनांस हा घाट अवघड जातो. घाटाच्या माथ्यावर उभे राहिले असता उत्तरेकडे सिंदफणेच्या खोऱ्याचा सपाट प्रदेश दूरवर दिसतो, आणि याच ठिकाणी किल्ला का बांधला गेला याचा उलगडा होतो.

इतिहास : गावाच्या नावाचा संबंध तेथील धारेश्वर या शिवस्थानाशी जोडला जातो. आजच्या किल्ल्याच्या जागी त्यापूर्वीही एखादा दुर्ग असावा, असे मानले जाते. मात्र सलग व विश्वसनीय इतिहास मिळतो तो सोळाव्या शतकापासून. १५६५ च्या राक्षसतागडीच्या (तालिकोटच्या) लढाईत विजयनगरचा पाडाव झाला आणि त्या लढाईसाठी एकत्र आलेल्या दक्षिणी सुलतानांची एकीही तिच्याबरोबरच संपली. अहमदनगरच्या गादीवर मुर्तजा निजामशाह हा अल्पवयीन होता व कारभार त्याची आई खुंझा हुमायूं हिच्या हाती होता. ही संधी साधून विजापूरच्या पहिल्या अली आदिलशाहाने आपला सरदार किश्वरखान लारी यास निजामशाही मुलखात पाठविले. त्याने केज येथे निजामशाही फौजेचा पराभव केला आणि मिळविलेला मुलूख हातचा जाऊ नये म्हणून १५६७ च्या सुमारास धारूर येथे किल्ला उभारला. शत्रूच्या प्रदेशात घाईने बांधलेला हा किल्ला होय. त्यामागे राजधानीचे वैभव नव्हते किंवा व्यापारी पेठेचे संरक्षण हाही मूळ हेतू नव्हता. घाटाची नाकेबंदी करणे एवढाच त्याचा उद्देश दिसतो.

किश्वरखानास या किल्ल्याचा लाभ फार काळ झाला नाही. आईचा कारभार संपुष्टात आणून मुर्तजाने सत्ता हाती घेतली व स्वतः धारूरवर चाल केली. किश्वरखानाने पाठविलेल्या उद्धट पत्रामुळे तो संतापला आणि किल्ला घेतल्याखेरीज रिकिबीतून पाय काढणार नाही अशी त्याने शपथ घेतली, अशी हकीगत फरिश्ता या इतिहासकाराने दिली आहे. हल्ल्यात किश्वरखान बाण लागून ठार झाला, शिबंदी पळाली व किल्ला निजामशाहीत आला. फरिश्ता स्वतः अहमदनगर व विजापूर या दोन्ही दरबारांत वावरलेला असल्याने त्याच्या हकीगतीस महत्त्व आहे. तरी शपथेचा प्रसंग दरबारी रंगवून सांगितलेला असण्याचा संभव दृष्टीआड करता येत नाही. किल्ला मजबूत असूनही तो इतक्या लवकर का पडला, याचे उत्तर शपथेत शोधण्यापेक्षा कुमकेच्या अभावात शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. कड्यावरचा एकाकी किल्ला वेढ्यात टिकावयाचा, तर मागून धान्य व माणसे यावी लागतात.

पुढील साठ वर्षे धारूर निजामशाहीच्या आग्नेय सरहद्दीवरील ठाणे होते. परांडा, नळदुर्ग, औसा, उदगीर, कंधार या किल्ल्यांच्या मालिकेतच त्याची गणना करावयास हवी. यांतील बहुतेक भुईकोट आहेत. धारूर मात्र धड भुईकोट नाही की सह्याद्रीतल्यासारखा गिरिदुर्गही नाही. पठाराच्या बाजूने तो गावाच्या पातळीवर आहे, तर उरलेल्या बाजूंना एकदम दरी आहे.

१६३१ मधील मोगलांचा विजय हा धारूरच्या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचा प्रसंग. शाहजहानाविरुद्ध बंड करून खानजहान लोदी हा निजामशाहीच्या आश्रयास आला, तेव्हा बादशाह स्वतः बऱ्हाणपुरास येऊन राहिला आणि दक्षिणेचा सुभेदार आझमखान याने निजामशाही मुलखात मोहीम काढली. नेमक्या याच काळात, १६३० मध्ये, गुजरात व दख्खन या दोन्ही भागांत पावसाने दगा दिला. १६३०-३२ चा हा दुष्काळ हिंदुस्थानच्या इतिहासातील अत्यंत भीषण दुष्काळांपैकी एक मानला जातो. माणसे अन्नावाचून गाव सोडून निघाली. अब्दुल हमीद लाहोरीने बादशाहनाम्यात केलेले त्याचे वर्णन अंगावर काटा आणणारे आहे. अशा दिवसांत आझमखान बीडकडून धारूरवर आला.

बादशाहनाम्यात धारूरचे वर्णन आले आहे. बळकटी व दारूगोळ्याचा साठा यांबद्दल हा किल्ला दक्षिणेत नावाजलेला असून तो डोंगराच्या सोंडेवर बांधलेला आहे व त्याच्या दोन बाजूंना ओलांडण्यास कठीण अशा खोल घळी आहेत, असे तो ग्रंथ सांगतो. किल्ल्यास लागून पेठ होती आणि तेथे आठवडी बाजार भरे. किल्ला सहजी हाती लागेल असे आझमखानास प्रथम वाटले नव्हते. म्हणून त्याने आधी पेठेवर हल्ला केला. पेठ लुटली गेल्यावर हल्लेखोरांस खंदकापर्यंत जाण्याचा मार्ग मोकळा झाला आणि जानेवारी १६३१ मध्ये किल्ला सर झाला. किल्लेदार सीदी सालिम हा कैद झाला. विजयाची खूण म्हणून स्थळास फतेहाबाद हे नाव मिळाले.

या प्रसंगात विशेष लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की किल्ल्याची ताकद दऱ्यांमध्ये होती, पण त्याचा व्यवहार पेठेवर चाले. धान्य, वैरण, जनावरे ही सारी पेठेतूनच आत जात. पेठ पडताच किल्ल्याचा मागचा आधार तुटला. याउलट आझमखानाने पुढे परांड्यास वेढा दिला, तेव्हा सभोवतालच्या कित्येक कोसांत गवताची काडी मिळेना. घोडी व बैल मरू लागले आणि त्याला वेढा उठवून धारूरकडेच परतावे लागले. परांड्याच्या तटापेक्षा दुष्काळाने त्या किल्ल्याचे रक्षण केले, असे म्हणावयास हरकत नाही. विजापूरकरांशी झालेल्या बोलण्यांत त्यांनी मोगलांस साहाय्य केल्यास धारूर त्यांना द्यावे असे ठरले होते. रणदुल्लाखानाने त्याप्रमाणे मागणीही केली. परंतु मदत वेळेवर मिळाली नाही या कारणावरून आझमखानाने ती नाकारली. यातून मोगल व आदिलशाही यांच्यातील वितुष्ट वाढत गेले.

१६३६ च्या तहाने निजामशाही संपली. धारूर मोगलांकडे राहिले आणि औरंगाबाद सुभ्यातील फतेहाबाद या सरकारचे ते मुख्य ठाणे बनले. मराठ्यांच्या इतिहासात धारूरचे नाव येते ते नेताजी पालकराच्या संदर्भात. शिवाजी महाराजांचा हा सरनोबत १६६६ च्या प्रारंभी आदिलशाहीत गेला होता व मिर्झाराजे जयसिंग याने मोठी मनसब देऊन त्याला मोगलांकडे वळविले होते. त्याच वर्षी १७ ऑगस्टला महाराज आग्र्याहून निसटले. त्यानंतर औरंगजेबाच्या हुकमावरून ऑक्टोबर १६६६ मध्ये धारूरच्या छावणीत नेताजीस अटक करण्यात आली. त्याला दिल्लीस नेऊन १६६७ मध्ये मुसलमान करण्यात आले, महंमद कुलीखान हे नाव देऊन काबूलच्या आघाडीवर पाठविण्यात आले आणि तेथून तो १६७६ मध्ये महाराजांकडे परतला. या चक्राची सुरुवात धारूरला झाली. त्याचे कोणतेही चिन्ह किल्ल्यात नाही. माहीतगार प्रवासीच तेथे क्षणभर थांबतो.

अठराव्या शतकात धारूर हैदराबादच्या निजामाकडे होते. १७६० च्या उदगीरच्या लढाईतही त्याचा संबंध आहे. सलाबतजंग व निजाम अली यांची फौज उदगीरहून निघाली ती धारूर येथे असलेल्या आपल्या सैन्याशी मिळणी करण्यासाठी. ही मिळणी होऊ द्यावयाची नाही, हाच सदाशिवरावभाऊंच्या डावपेचांचा गाभा होता. ३ फेब्रुवारी १७६० रोजी वाटेतच मराठ्यांनी निजामाला गाठून पराभूत केले आणि दौलताबादसह मोठा मुलूख मिळविला. त्या दिवशी निजामाची फौज धारूरला पोहोचली असती, तर तहाच्या अटी कदाचित वेगळ्या झाल्या असत्या. त्यानंतर लष्करी दृष्ट्या किल्ल्याचे महत्त्व ओसरत गेले. १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १९५६ मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला.

किल्ला : गावाच्या बाजूने येणाऱ्या प्रवाशास प्रथम खंदक व त्यामागील दुहेरी तटबंदी दिसते. निसर्गाने या एकाच बाजूस संरक्षण दिलेले नसल्यामुळे बांधकामाचा सारा भर येथे आहे. प्रवेशमार्ग सरळ नाही. वळणे घेत एकामागून एक दरवाजे ओलांडावे लागतात, जेणेकरून दरवाजा फोडण्यास आणलेल्या हत्तीला धावण्याइतकी जागा मिळू नये. बुरूज तोफांच्या माऱ्याचा विचार करून रुंद केलेले आहेत. तटाच्या भिंतींत फार्सी शिलालेख असून वेगवेगळ्या राजवटींत झालेल्या दुरुस्त्यांची साक्ष त्यांवरून मिळते. आतील इमारती बहुतांशी ढासळलेल्या आहेत आणि भग्न वास्तूंच्या चौथऱ्यांवर रान माजलेले असते. दरीकडचा तट पाहण्यासाठी कडेकडेने चालत गेले असता बादशाहनाम्यात वर्णिलेल्या घळी आजही जशाच्या तशा दिसतात.

किल्ल्याचे खरे वैशिष्ट्य त्याच्या पाण्यात आहे. सोंडेच्या माथ्यावर झरा नाही, नदी तर नाहीच. म्हणून आतील खोलगट भागांत पावसाचे पाणी अडवून टाक्या व तलाव केलेले आहेत. त्यांपैकी ‘खारी दिंडी’ व ‘गोडी दिंडी’ हे दोन जलसाठे प्रसिद्ध आहेत. दोन्ही परस्परांच्या अगदी जवळ, पण एकाचे पाणी खारट व दुसऱ्याचे गोड, असे वर्षानुवर्षे सांगण्यात येते. येथे ‘खारे’ या शब्दाचा अर्थ समुद्राच्या पाण्यासारखे असा घ्यावयाचा नाही. मराठवाड्यातील विहिरींच्या पाण्याचे गोडे, मचूळ व खारे असे प्रकार लोक जिभेने ओळखतात. बेसाल्टच्या थरांतून दीर्घकाळ झिरपत आलेल्या पाण्यात क्षार अधिक विरघळतात; उलट वरून वाहून थेट साठणारे पावसाचे पाणी मृदू असते. दोन साठ्यांना येणारे पाणी वेगवेगळ्या मार्गांनी येत असल्यास शेजारी असूनही त्यांची चव वेगळी होणे स्वाभाविक आहे. एक साठा पिण्यासाठी व दुसरा जनावरे, बांधकाम आणि धुणी-पाणी यांसाठी, अशी योजना शिबंदीच्या दृष्टीने सोयीचीच होय.

अशा योजनेची तुलना शेजारच्या नळदुर्गाशी करता येते. तेथे दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, १६१३ मध्ये, बोरी नदीवर बांध घालून त्याच्या पोटात ‘पाणी महाल’ बांधला गेला. पावसाळ्यात सांडव्यावरून पडणारे नर व मादी हे धबधबे पाहण्यास आजही गर्दी होते. नळदुर्गात पाण्याचे वैभव दाखविलेले आहे, तर धारूरला त्याची काटकसर दिसते. बीड शहराजवळील निजामशाही काळातील खजाना बावडी ही दुसरी कल्पक योजना. भूमिगत कालव्याने पाणी शेतांपर्यंत नेण्याची तिची पद्धत अजूनही अभ्यासकांस आकृष्ट करते. राजस्थानातील जैसलमेरचा गडीसर तलाव किंवा जॉर्डनमधील पेट्राच्या खडकात नबातियन लोकांनी खोदलेले पाट यांचीही आठवण येथे होते. कोरड्या मुलखातील प्रेक्षणीय स्थळे पुष्कळदा जलव्यवस्थेचेच अवशेष असतात.

किल्ल्याची आजची स्थिती समाधानकारक नाही. हा किल्ला राज्य शासनाच्या संरक्षणाखाली आहे. अलीकडच्या वर्षांत तटबंदीची दुरुस्ती हाती घेण्यात आली, पण जोराच्या पावसाळ्यांत तटाचे काही भाग ढासळलेही. अशा पडझडीचे कारण बहुधा तटाच्या पोटात असते. जुना तट म्हणजे दोन घडीव भिंतींमध्ये भरलेला दगड-मातीचा भराव. माथ्यावरील चुन्याचा थर फुटला, की पाणी आत शिरते, भराव फुगतो व बाहेरची भिंत पुढे ढकलली जाते. वड-पिंपळाची मुळे त्यास हातभार लावतात. पाणी बाहेर पडण्याची जुनी छिद्रे बुजवून वरून सिमेंट फासल्यास भिंत काही काळ नवी दिसते, परंतु कोंडलेले पाणी तिला आतून पोखरते. तेव्हा धारूरच्या तटाचे जतन करावयाचे, तर सुरुवात आतील जलसाठे व पाण्याच्या निचऱ्याच्या वाटा मोकळ्या करण्यापासून व्हावयास हवी. गाळाने भरलेले साठे उपसले गेल्यास दुर्गाचे मूळ स्वरूपही प्रवाशांस समजेल.

परिसर : घाटालगतच्या डोंगरात अंबाचोंडी हे देवीचे जुने स्थान असून पावसाळ्यात तेथील निसर्ग रम्य असतो. डोंगरउतारांवर पळस, आपटा, खैर, बोर, तरवड अशी शुष्क पानझडी झाडी आढळते. मोर, ससा, कोल्हा, खोकड यांचा वावर आहे व पठारी माळरानांवर काळवीटही दिसतात. पाटोदा तालुक्यातील नायगाव येथे मोरांसाठी १९९४ मध्ये सु. ३० चौ. किमी. क्षेत्राचे अभयारण्य घोषित झाले. जिल्ह्याच्या पश्चिमेस विंचरणा नदीवर सौताडा येथे रामेश्वराच्या देवळाजवळ उंच धबधबा आहे. तो पाहावयाचा तर श्रावण-भाद्रपदातच. बीडजवळील कपिलधार येथेही धबधबा असून मन्मथस्वामी या वीरशैव संतकवीची समाधी तेथे आहे. कार्तिक पौर्णिमेस तेथे मोठी यात्रा भरते.

धारूरच्या आग्नेयीस असलेले अंबाजोगाई हे या परिसरातील सर्वांत समृद्ध स्थळ. योगेश्वरीचे मंदिर, हत्तीखाना म्हणून ओळखली जाणारी शैलगृहे, यादवराजा सिंघण याचा सेनापती खोलेश्वर याच्याशी निगडित मंदिर व शिलालेख, विवेकसिंधुकार मुकुंदराजाची समाधी आणि सर्वज्ञ दासोपंतांची (१५५१-१६१५) समाधी ही तेथील प्रमुख आकर्षणे. सु. १२ मी. लांबीच्या कापडावर दासोपंतांनी लिहिलेली ‘पासोडी’ ही मराठी वाङ्मयेतिहासातील एकमेव म्हणावी अशी वस्तू आहे. निजामी अमदानीत मोमिनाबाद हे नाव असलेल्या या गावी हैदराबाद कंटिंजंटच्या घोडदळाची छावणी होती. परळी तालुक्यातील धर्मापुरीचे केदारेश्वर मंदिर उत्तर चालुक्य शिल्पकलेचा उत्तम नमुना असूनही तेथे फारसे कोणी फिरकत नाही, ही खेदाची बाब होय. परळी येथील वैजनाथाची गणना बारा ज्योतिर्लिंगांत केली जाते. त्याच्या मंदिराचा जीर्णोद्धार अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला.

सीताफळ हे बालाघाटाचे फळ म्हणून प्रसिद्ध झाले असले, तरी त्याचे मूळ अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात आहे. पोर्तुगीजांच्या आगमनानंतर ते भारतात पसरले असे सामान्यतः समजतात. मुरमाड उतार, थोडे पाणी आणि जनावरे तोंड लावीत नाहीत असा पाला, यांमुळे ते येथे इतके रुजले की रानात आपोआप वाढू लागले. अंबाजोगाईच्या संशोधन केंद्रात निवडलेल्या एका वाणास ‘धारूर-६’ असे नाव आहे. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळास भौगोलिक निर्देशांक मिळाला. दसऱ्याच्या आगेमागे रस्त्याच्या कडेला पाट्या मांडून बसणाऱ्या स्त्रिया हे फळ विकतात आणि घाटातून जाणारा जवळजवळ प्रत्येक प्रवासी तेथे थांबतो. जागेवर पिकलेले सीताफळ दूर पाठविता येत नाही, म्हणून त्याची खरी चव घेण्यास येथेच यावे लागते.

पर्यटनाचा हंगाम व येथील लोकजीवन यांचा मात्र मेळ बसत नाही. प्रवासास सर्वांत अनुकूल काळ जुलै ते जानेवारी हा आहे. परंतु दसरा-दिवाळी आटोपली, की धारूर, वडवणी, केज, पाटोदा या भागांतील हजारो कुटुंबे ऊसतोडणीसाठी पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे निघतात. नवरा-बायकोच्या जोडीस ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडेपर्यंत, म्हणजे साधारणपणे चैत्रापर्यंत, ती परतत नाही. प्रवाशाला हिवाळ्यात डोंगरातील वस्त्यांवर म्हातारीकोतारी माणसे व शाळकरी मुलेच तेवढी भेटतात, त्याचे कारण हे आहे. १९७२ च्या दुष्काळात व पुढे रोजगार हमी योजनेतून या उतारांवर अनेक पाझर तलाव व बांध झाले. मांजरा व सिंदफणा या नद्यांवर अनुक्रमे धनेगाव व माजलगाव येथे मोठी धरणे झाली. पण धरणे डोंगराच्या पायथ्याशी, खालच्या खोऱ्यांत आहेत आणि माथ्यावरच्या शेतीला त्यांचा लाभ अल्प. माजलगावच्या जलाशयावर हिवाळ्यात पाणपक्षी उतरतात आणि पक्षिनिरीक्षक तेथे येतात. त्याच दिवसांत माथ्यावरच्या गावांत घरांना कुलपे असतात. वाटाडे, न्याहारी-निवासाची घरगुती सोय, सीताफळाच्या गरावर प्रक्रिया यांसारखे उद्योग गावातच उभे राहिल्यास काही कुटुंबांना तरी हिवाळ्यात घरी राहता येईल. पर्यटनाच्या योजनांचे मोजमाप या कसोटीवर झाले पाहिजे.

धारूरला जाण्यास बीड, माजलगाव, केज व अंबाजोगाई येथून राज्य परिवहनाच्या गाड्या मिळतात. परळी वैजनाथ हे जवळचे जुने रेल्वे स्थानक. अनेक दशके रेंगाळलेल्या अहिल्यानगर-बीड-परळी लोहमार्गावर अहिल्यानगरहून बीडपर्यंतची वाहतूक सप्टेंबर २०२५ मध्ये सुरू झाली. किल्ला पाहण्यास अर्धा दिवस पुरतो. गवत वाढलेले असताना दरीकडील तटावरून चालणे धोक्याचे असते. ढासळलेल्या टाक्यांच्या काठी जाऊ नये आणि उन्हाळ्यात पिण्याचे पाणी बरोबर नेणे आवश्यक आहे, कारण गोड्या दिंडीचे पाणी आता पिण्यायोग्य राहिलेले नाही.